शाळेच्या गाडीतून दिवेदरीला

सिनेमाला गेलेला माणूस सिनेमा पाहून परत येतो, अशी आपली एक साधी समजूत असते. महागावचे उकंडराव काळबांडे एकाच सिनेमासाठी एकाच आठवड्यात दोनदा यवतमाळला गेले. पहिल्यांदा ते नुसता चहा पिऊन परत आले आणि दुसऱ्यांदा मांडीवर कुणा अनोळखी माणसाच्या लग्नाचा फेटा घेऊन. यात आपला काडीचाही दोष नव्हता, असं त्यांचं ठाम मत आहे. सगळी हकिकत ऐकल्यावर तुमचंही तेच मत व्हावं, अशी त्यांची अपेक्षा आहे. अपेक्षा ठेवायला काय जातं?

सिनेमाचं नाव ‘दिवेदरी’. त्याच नावाच्या जुन्या कादंबरीवर काढलेला. दोन भावंडं आपल्या गावातला जळता दिवा घेऊन निघतात, डोंगरामागून डोंगर ओलांडतात आणि जिथले सगळे दिवे विझलेत अशा एका दरीत तो उजेड पोचवतात, अशी ती गोष्ट. मध्ये वाट चुकवणारं धुकं आहे, बोलणारे दगड आहेत, माणसाची सावली खाणारा एक राक्षस आहे. उकंडरावांना ही कादंबरी पाठ होती. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर दिवेदरीचा नकाशा काढला. प्रमाण देऊन, समोच्च रेषा आखून. काळा डोह नावाचं त्या कादंबरीत एक अथांग पाणी आहे, त्याचं पाणलोट क्षेत्रही त्यांनी मोजून काढलं. हा नकाशा त्यांच्या बैठकीत टांगलेला असतो, आणि घरी येणारा दर दुसरा माणूस तो नव्या धरणाचा समजून घाबऱ्या आवाजात विचारतो, “साहेब, आमचं वावर बुडून तं नाई ना राह्यलं?”

कादंबरी आवडती खरी, पण उकंडरावांचा जीव अडकला होता तो काळ्या डोहाच्या प्रकरणात. तिथे एक म्हातारा नावाडी आहे. तो भावंडांना पल्याड न्यायला निघतो. मधोमध वारा सुटतो, दिवा विझणार असं होतं, तेव्हा म्हातारा तो दिवा आपल्या घोंगडीत, छातीशी धरतो. घोंगडी पेटते. म्हातारा दिवा सोडत नाही आणि वल्हंही सोडत नाही. हे प्रकरण वाचताना उकंडरावांचा चष्मा दर वेळी धुरकट व्हायचा, आणि ते आतल्या खोलीकडे पाहून ओरडायचे, “प्रभा, तुह्या फोडणीचा धूर इकडे येऊन राह्यला!” प्रभावतीबाई त्या वेळी दळण आणायला गेलेल्या असल्या तरीही.

तर हा नावाडी आता भिंतीएवढ्या पडद्यावर दिसणार होता. एवढं एकच मागणं घेऊन उकंडराव भर मे महिन्यात, इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन एस.टी.नं यवतमाळला गेले. थिएटरात पोचले तर खिडकी बंद. आतून राजदीप नावाचा तरुण मॅनेजर आला. बोलायला गोड होता, आणि गोड माणसाशी भांडता येत नाही, ही उकंडरावांची पहिली अडचण झाली.

“काका, शो कॅन्सल झाला जी.”

“कायले?”

“तुमी दोघंच आले ना. दोन माणसांसाठी एवढा मोठा ए.सी. कसा लावू? दुसऱ्या पडद्यावर मारामारीचा पिक्चर हाय, तो पाहून घ्या. तिकडं पाय ठेवाले जागा नाई, पन तुमाले कसं बी बसवतो.”

“मले मारामारी पाहाची नाई. मले दिवेदरी पाहाची हाय.”

“मंग बस भरून माणसं आना. गुरुवारी दुपारी स्पेशल शो लावून देतो. शुक्रवारी हा पिक्चर उतरून राह्यला.” आणि त्यानं दोघांना स्वतःच्या केबिनमध्ये बसवून चहा पाजला. चहा चांगला होता. उकंडरावांना त्याचाही राग आला.

परतीच्या एस.टी.त ते आर्णीपर्यंत बोटांवर माणसं मोजत होते. आर्णीनंतर म्हणाले, “आनतो. बस भरून आनतो.” प्रभावतीबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं, की हा माणूस ‘आणतो’ म्हणाला की सामान आपल्याला उचलावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव गल्लीत निघाले. उत्तम कलाकृतीसाठी बसभर रसिक मिळवणं म्हणजे काय मोठंसं, असं त्यांना वाटत होतं. पहिल्याच घरी सल्ला मिळाला, की चार दिवस थांबा, मोबाईलवर फुकट येते. दुसऱ्या घरी विचारलं, हिरो कोण? हिरो दिवा आहे असं उकंडरावांनी सांगितल्यावर त्या घरातल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांना पाणी आणून दिलं. उन्हात फिरणाऱ्या म्हाताऱ्यांची अशी काळजी आमच्याकडे घेतात.

शेवटी शेजारचे हरिसिंग राठोड कामी आले. हरिसिंग म्हणजे व्यवहारी माणूस. सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न केला, “ए.सी. चालू राहील का?”

“राहील.”

“मंग साहेब, तुमी पिक्चरची गोष्ट सांगूच नका. पारा कुठं जाऊन राह्यला पाहा. ‘तीन तास ए.सी.त बसाचं हाय’ एवढंच सांगा. आन् माह्या याडीले डोळ्याच्या डॉक्टरकडे न्याचंच हाय यवतमाळले. तिचंही काम होऊन जाईल.”

याडी म्हणजे आई. हरिसिंगांची आई बिजलीबाई ही ऐंशी ओलांडलेली, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या घालणारी म्हातारी ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “मी येते बेटा. मी जिंदगीत थेटर पाह्यलं नाई.”

कलेचा असा अपमान उकंडरावांनी गिळला, आणि ए.सी.ची मात्रा लागू पडली. समोरच्या विमलताईंचे यजमान रामराव लगेच तयार झाले, कारण त्यांना विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दुरुस्तीला टाकायचा होता. रामरावांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आपण कुठे चाललोय हे त्यांना परत येईपर्यंत नीट समजलं नव्हतं. आणि विमलताईंनी तर कमालच केली. त्या महिला भजनी मंडळाच्या अध्यक्ष. ‘दिवे’ आणि ‘दरी’ एवढे दोन शब्द ऐकून त्यांनी हा देवीचा सिनेमा असल्याचं जाहीर केलं आणि अख्खं मंडळ नोंदवलं. उकंडराव खुलासा करायला गेले, तेव्हा विमलताई म्हणाल्या, “साहेब, दिवा हाय का नाई त्याच्यात?”

“हाय.”

“मंग देवी येईलच. तुमी पाहा.”

माणसं जमली, आणि मग राजदीपचा फोन आला. मुंबईच्या हेड ऑफिसला नुसती माणसं चालत नाहीत. स्पेशल शोसाठी एखाद्या संस्थेची, लेटरहेडवर, शिक्क्यासह विनंती लागते. उकंडरावांना वाटलं, हे तर सोपं आहे. आपण ज्येष्ठ नागरिक संघाचे आजीव सभासद. पण संघात त्या वर्षी दोन अध्यक्ष होते. लेटरहेड एकाकडे, शिक्का दुसऱ्याकडे, आणि दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. पहिला म्हणाला, लेटरहेड देतो, पण त्याचा शिक्का मारू नका. दुसरा म्हणाला, शिक्का मारतो, पण कोऱ्या कागदावर. उकंडराव दोन दिवस त्या दोघांच्या मध्ये फिरत राहिले. धरणग्रस्तांच्या बैठका घेतलेला माणूस हा, पण असा गाळ त्यांनी कुठल्या तलावात पाहिला नव्हता.

शेवटी भजनी मंडळाचं लेटरहेड निघालं. वर वीणा, खाली समई. विमलताईंची अट एवढीच होती, की अध्यक्ष त्याच राहतील. उकंडरावांना त्यांनी कार्याध्यक्ष केलं. “भाषणाचं काम असलं तं अध्यक्ष पाहीन, भांडणाचं असलं तं कार्याध्यक्ष,” असं त्यांनी पदाचं काम तिथल्या तिथे समजावून सांगितलं. महिला भजनी मंडळाचे कार्याध्यक्ष म्हणून सही करताना उकंडरावांची रेघ वाकडी गेली. त्यांच्या आरेखनात रेघ कधी हलली नव्हती.

गाडीचं हरिसिंगांनी जमवलं. “मस्त गाडी हाय साहेब, सुट्ट्यात उभीच राह्यते.” गुरुवारी सकाळी ती मस्त गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. पिवळीधम्मक, आणि पाठीवर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत ‘सावधान! आत लहान मुले आहेत.’ उकंडरावांनी ते दोनदा वाचलं. मग आत चढले. बाकं बालवाडीच्या मापाची होती. गुडघे हनुवटीला लागले. शेजारी प्रभावतीबाई मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन बसल्या, त्यामुळे त्या बाहेरून दिसेनाशाच झाल्या.

ड्रायव्हर देवीलाल हा अतिशय सज्जन माणूस. त्याचा दोष एवढाच, की गाडीला वेगाचं यंत्र बसवलेलं होतं, पोरांची गाडी म्हणून. ती चाळिसाच्या वर जातच नव्हती. हायवेला लागल्यावर ट्रक पुढे गेले, टमटम पुढे गेल्या, एका ट्रॅक्टरवाल्यानं बाजूनं जाताना आतल्या पांढऱ्या केसांकडे आणि बाहेरच्या पाटीकडे पाहून हात हलवून टाटा केला.

“देवीलाल, जराशी दाब ना बाप्पा!”

“दाबूनच राह्यलो साहेब. थे आयकत नाई.”

आर्णीला मंडळाच्या बायकांना दर्ग्यावर डोकं टेकायचं होतं. उकंडराव म्हणाले, वेळ नाही. विमलताई म्हणाल्या, दारावरून जाताना बाबाले टाळता काय, उद्या गाडी पंक्चर झाली तं? गाडी थांबली. डोकी टेकून झाली. आणि त्यानंतर चार कोसांवर गाडी पंक्चर झाली. विमलताईंचं त्यावर म्हणणं असं, की डोकं टेकलं म्हणून पंक्चरवरच भागलं. उकंडराव रस्त्याच्या कडेला पळसाच्या तोकड्या सावलीत उभे राहून घड्याळाकडे पाहत होते, आणि आत मंडळानं भजन सुरू केलं होतं.

यवतमाळला पोचल्यावर रामराव स्टार्टर घेऊन एका दिशेला गेले आणि बिजलीबाईंना घेऊन हरिसिंग डॉक्टरकडे. डॉक्टरांनी म्हातारीच्या डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवून ठेवलं, तपासलं आणि सांगितलं, की संध्याकाळपर्यंत सगळं धुरकट दिसेल, घाबरू नका. हरिसिंग हे सांगत आले तेव्हा उकंडरावांनी कपाळाला हात लावला. “अरे, जिंदगीत पहिल्यांदा थेटर पाहून राह्यली म्हातारी, आन् तुमी आजच तिचे डोळे…”

“मले दिसते बेटा,” बिजलीबाई म्हणाली. आणि उकंडराव समजून तिनं प्रभावतीबाईंच्या डोक्यावरून हात फिरवला.

थिएटरच्या दारात राजदीप हात जोडून उभा होता. लेटरहेडवरची वीणा पाहून त्यानं उदबत्ती लावून ठेवली होती. विमलताईंना नारळ दिला. आता एकदाचं आत जायचं, तर पहारेकऱ्यानं प्रभावतीबाईंची पिशवी धरली. आत बाहेरचं खाणं न्यायला बंदी. पिशवीत पोळ्या, ठेचा, दही-भात आणि कैरीचा तक्कू. विमलताई मागे सरकल्या आणि म्हणाल्या, “कार्याध्यक्ष!”

उकंडरावांनी नियम, माणुसकी आणि रक्तदाब या तिन्ही मुद्द्यांवर पहारेकऱ्याला समजावलं. पहारेकरी म्हणाला, “सर, ठेच्याचा वास मागच्या वेळी एक महिना गेला नाई.” शेवटी तोडगा असा निघाला, की सगळ्यांनी तिथेच पायऱ्यांवर बसून जेवून घ्यायचं. मारामारीचा सिनेमा पाहायला आलेली कॉलेजची मुलं या पंगतीला वळसे घालून वर जात होती. एकानं फोटोसुद्धा काढला. पाटबंधारे खात्याचा माजी आरेखक थिएटरच्या पायरीवर मांडी घालून ठेचा-पोळी खात होता, आणि पहारेकरी शेजारी उभा राहून म्हणत होता, “घ्या ना अजून, सावकाश होऊ द्या.”

आणि मग, अखेर, अंधार झाला. गार वारा अंगावर आला. मंडळातून एक सामुदायिक “अगं माय वं!” निघालं, आणि पडद्यावर डोंगर उभे राहिले.

उकंडरावांना भरून आलं. ते साधारण अर्धा मिनिट टिकलं. कारण पडद्यावर नदी दिसली, आणि ती डावीकडून उजवीकडे वाहत होती.

“उलटी हाय,” ते म्हणाले.

“काय उलटं?” प्रभावतीबाई घाबरल्या.

“नदी. पश्चिमेकडे वाह्यते ती. हे पूर्वेकडे चालली. मंग काळा डोह भरते कसा?”

“आता भरू द्या ना.”

नंतर एक बोलणारा कोल्हा आला. कादंबरीत कोल्हा नाही. भावंडांनी गाणं म्हटलं. कादंबरीत गाणं नाही. कोल्ह्यानंही गाणं म्हटलं. उकंडराव प्रत्येक वेळी खुर्चीत एक वीत वर उठत होते. पलीकडून रामराव, अंधारात आवाजाचा अंदाज न येऊन, भर सभेत बोलल्यासारखे विचारत होते, “हा कोल्हा कोनाच्या बाजूनं हाय?” विमलताई सांगत होत्या, “देवीचं वाहन हाय ते.” स्पेशल शो लागला म्हणून बाहेरची तिकीट काढून आलेली काही माणसंही होती; त्यांतल्या पलीकडच्या एका कुटुंबातल्या माणसानं वळून “शूऽऽ” केलं, आणि केलं कोणाला, तर उकंडरावांना! त्यांच्या तोंडून तेव्हा शब्दही निघाला नव्हता. निघणार होता, हे खरं.

मध्यंतर झालं. पुन्हा अंधार झाला. सावली खाणारा राक्षस येऊन गेला, आणि उकंडरावांच्या लक्षात आलं, की आपण चुका काढायचे थांबलो आहोत. कारण पडद्यावर पाणी आलं होतं. काळं, पसरट, आवाज नसलेलं. कडेला एक होडी, आणि होडीत घोंगडी पांघरून कुणीतरी पाठमोरं बसलेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हात कुठे ठेवावे ते कळेना, म्हणून मांडीखाली दाबून धरले.

तेवढ्यात तोंडावर बॅटरीचा झोत पडला. राजदीप वाकून विचारत होता, “मंडळाचे कार्याध्यक्ष कोन हायेत जी?”

विमलताईंनी पडद्यावरची नजर न काढता बोट दाखवलं.

“काका, बाहेर या. तुमची शाळेची गाडी बाजूच्या मंगल कार्यालयाच्या गेटात उभी हाय. नवरदेवाची वरात अडकली. लोक लई तापले.”

“ड्रायव्हरले सांगा!”

“तोच तं नाई. फोन बंद हाय त्याचा. या ना काका, नाईतं थे काचा फोडतीन.”

उकंडरावांनी पडद्याकडे पाहिलं. नावाडी मान वळवायला लागला होता. आता त्याचं तोंड दिसणार होतं. त्यांनी प्रभावतीबाईंकडे पाहिलं, हरिसिंगांकडे पाहिलं. हरिसिंग तोंड उघडं टाकून बसले होते, त्यांना हाकही ऐकू गेली नाही. काचा फुटल्या तर शाळेला तोंड कोण दाखवणार? कार्याध्यक्ष. उकंडराव उठले. उठताना मागचा माणूस म्हणाला, “काका, बसा ना लवकर!”

बाहेर ऊन भाजून काढत होतं. शाळेची गाडी लग्नाच्या गेटात आडवी उभी होती. गेटाबाहेर बँड, बँडमागे घोडी, घोडीवर घामाघूम नवरदेव, आणि सगळ्यांच्या पुढे नवऱ्याचा मामा. मामाची गाडीच्या पाठीवरची पाटी वाचून झाली होती. तो ओरडला, “कुठी हायेत थे लहान मुले? अन् त्यांचे मास्तर?”

“मी मास्तर नाई. मी कार्याध्यक्ष हाय,” उकंडराव म्हणाले.

“मंग काढा गाडी!”

“मले चालवता येत नाई.”

हे उत्तर प्रामाणिक होतं, पण वरातीला पटलं नाही. उकंडराव देवीलालला शोधायला धावले. चहाच्या टपरीवर पाहिलं. पानाच्या ठेल्यावर पाहिलं. सलूनमध्ये एक माणूस तोंडाला साबण लावून बसला होता, त्याला देवीलाल समजून त्यांनी खांद्याला धरून हलवलं; त्याची वेगळी बोलणी खाल्ली. मग मागच्या बाजूनं मंगल कार्यालयात शिरले, कदाचित लग्नाचं जेवायला बसला असेल म्हणून. तिथे फेटे बांधणारा उभा होता. घामानं भिजलेला, हवालदिल, इकडून तिकडे धावणारा वयस्कर माणूस पाहून त्यानं ओळखलं, की हाच मुलीचा बाप.

“या बाबूजी, तुमचाच राह्यला होता,” म्हणून त्यानं उकंडरावांना पकडून गुलाबी फेटा बांधायला घेतला. उकंडराव सांगत होते, की मी तो नव्हे. फेटेवाला म्हणत होता, “टेंशन नका घेऊ बाबूजी, सगळ्या बापांचं असंच होते. मुंडकं सरळ ठेवा.” कुणीतरी कपाळाला कुंकू लावलं. कुणीतरी त्यांच्या पाया पडलं.

फेट्याचा तुरा सावरत ते गेटावर परत आले, तर गाडी बाजूला घेतलेली. वरात आत चाललेली. आणि गाडीजवळ देवीलाल डोळे पुसत उभा.

“कुठी होता रे तू?” उकंडरावांचा आवाज फाटला.

“आतमंदी, साहेब. पुढच्या लायनीत. पिक्चर पाहून राह्यलो होतो. मोबाईल बंद ठेवाची पाटी होती ना, म्हून बंद ठेवला.” त्यानं नाक ओढलं. “थो नावाडी साहेब… मी अर्ध्यात उठलोच नाई. उठवलंच गेलं नाई. पार लागला तवाच मॅनेजरनं धरून आनलं मले. तुमी कुठी होते?”

उकंडराव आत धावले. दार लोटलं. पडद्यावर पहाट होती. पल्याडच्या काठावर वाळूत एक जळकी घोंगडी पडली होती, आणि भावंडं दिवा घेऊन पाठमोरी चालत निघाली होती. सभागृहात सगळीकडून नाकं ओढल्याचा आवाज येत होता. मंडळाच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. पलीकडचा, ‘शू’ करणारा माणूससुद्धा.

“ओ काका,” मागून कुणीतरी म्हणालं, “फेटा काढा, दिसून नाई राह्यलं.”

शो संपल्यावर त्यांनी राजदीपला गाठलं. तो डोहाचा तुकडा फक्त पुन्हा लावता येईल का? राजदीपनं मनापासून हळहळ व्यक्त केली. ते यंत्र तसं चालत नाही, म्हणाला. उद्यापासून या पडद्यावरही मारामारी. मग त्यानं चहा मागवला. उकंडराव चहा न घेता निघाले.

गाडी महागावकडे निघाली. ऊन कलतीला लागलं होतं. उकंडराव गुडघे हनुवटीला लावून, फेटा मांडीवर घेऊन बसले होते, आणि आख्खी गाडी एकाच प्रसंगाबद्दल बोलत होती. विमलताईंचं म्हणणं, घोंगडी पेटली तेव्हा ज्वाळेत देवीचं तोंड दिसलं. त्यांनी स्वतः पाहिलं. हरिसिंगांचं म्हणणं, देवी नाही न् काही नाही, ते सगळं कम्प्युटरवर करतात, पण रडू मात्र खरं आलं. रामरावांनी ठणकावून सांगितलं, की त्या होडीचं इंजीन खराब होतं, स्टार्टर वेळेवर दुरुस्त केला असता तर म्हातारा वाचला असता. म्हातारा मेला की वाचला, यावरून मागच्या बाकांवर भांडण जुंपलं. कुणी म्हणे पाण्यात उतरून गेला, कुणी म्हणे दगड झाला, कुणी म्हणे कोल्ह्यानं नेला.

“पुस्तकात तसं नाई!” उकंडराव ओरडले.

“पन तुमी पाह्यलं कुठी साहेब?” विमलताई म्हणाल्या.

उकंडराव प्रभावतीबाईंकडे वळले. हीच एक आता खरं सांगेल. “तू तरी सांग. तोंड कसं होतं त्याचं? वारा सुटल्यावर काय केलं त्यानं?”

प्रभावतीबाई पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, “मी नाई पाह्यलं.”

“म्हंजे? झोपली होती?”

“झोपीन कशी? तुमी आता येतीन, मंग येतीन, म्हून मी दरवाज्याकडेच पाहून राह्यली होती.”

रागवावं तर कशावर? उकंडराव खिडकीबाहेर पाहू लागले. नांगरलेली काळी वावरं मागे जात होती, म्हणजे हळूहळू जात होती, चाळिसाच्या आत. मागचं भांडणही दमलं.

पुढच्या बाकावर बिजलीबाई बसली होती. तिच्या बाहुल्या अजून मोठ्याच होत्या, आणि मावळतीचा उजेड सहन होत नव्हता म्हणून तिनं ओढणी कपाळावर ओढून घेतली होती. तिनं मागे न वळता विचारलं, “तुले नाई दिसलं का रे बेटा?”

“नाई.”

“मलेही नाई दिसलं. माणूस दिसला नाई, नाव दिसली नाई. त्या डॉक्टरनं डोळे बिघडवले.”

“मंग तुमी काय पाह्यलं तीन तास?” उकंडराव वैतागून म्हणाले.

“अंधार,” ती म्हणाली. “लई मोठा अंधार होता. मोठा म्हंजे एवढा, का मले वाटलं डोळे गेलेच. मंग त्या अंधारात, खाली, एक बारकुसा उजेड आला. मुंगीएवढा. असा हाले, विझल्यावानी होये, पुन्हा दिसे. मी म्हटलं, आता जाते हा. माह्या जिवाले घोर लागला.”

देवीलालनं आरशातून मागे पाहिलं.

“आन् मंग बेटा, थो उजेड एकदम मोठा झाला. हे एवढा! माह्या तोंडावर आला. आन् आजूबाजूचे सारे लोक रडाले लागले. मी म्हटलं, हे लोक कायले रडून राह्यले? उजेड तं मोठा झाला ना!”

उकंडराव तिच्या ओढणीच्या टोकाकडे पाहत राहिले. इतकी वर्षं त्यांनी ते प्रकरण वाचलं होतं, पाण्याची खोली काढली होती, वाऱ्याची दिशा नकाशावर बाणानं दाखवली होती. घोंगडी पेटली म्हणजे म्हातारा जळाला, एवढंच त्यांनी दर वेळी वाचलं होतं.

समोरून एक ट्रक दिवे लावून आला आणि निघून गेला. बिजलीबाईनं डोळे मिटून घेतले. ती थांबली, तसे उकंडराव त्या बालवाडीच्या बाकावरून होते नव्हते तेवढे पुढे सरकले, आणि दोन्ही हातांनी तिच्या बाकाची पाठ धरून त्यांनी विचारलं,

“मंग?”